जुनं हायडेलबर्ग पाहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतल्या वाल्डॉर्फ आणि मानहाइमच्या परिसरात नोकरीनिमित्त आलेली मराठी घरं आता बरीच आहेत. सुट्टी लागली की कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे, कुणाचा कॉलेजचा अख्खा ग्रुप येतो आणि पहिला फोन होतो तो ‘हायडेलबर्गला काय काय बघायचं?’ असा. पाहुण्यांना घेऊन मी तिथे इतक्या वेळा गेले आहे की मोजणं कधीच सोडून दिलं. तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे ते इथे दिलेले नाहीत. निघण्याआधी राजवाड्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

१. हायडेलबर्गला पोहोचायचं कसं? स्टेशनवरून जुनं गाव चालत जाण्याइतकं जवळ आहे का?

फ्रँकफर्ट विमानतळापासून हायडेलबर्ग साधारण ८० किलोमीटर. रेल्वेने आलात तर बहुतेक वेळा मानहाइमला गाडी बदलावी लागते आणि सगळं मिळून तासाभराचा प्रवास होतो. गोंधळ होतो तो उतरल्यावर. मुख्य स्टेशन शहराच्या पश्चिमेला आहे आणि जुनं गाव, म्हणजे आल्टश्टाट, तिथून जवळजवळ तीन किलोमीटर पूर्वेला. सामान घेऊन चालत सुटू नका. ३३ नंबरची बस ‘राटहाउस/बर्गबान’ या थांब्यावर सोडते, तिथून राजवाड्याची रेल्वे समोरच. लोकल गाडी मिळाली तर थेट ‘हायडेलबर्ग-आल्टश्टाट’ या छोट्या स्टेशनावर उतरा आणि गाव पूर्वेच्या टोकाकडून बघत या. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, असेल तर तो लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो, आयसीई या वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीला चालत नाही. स्वतःची गाडी असेल तर ती पार्किंगच्या इमारतीत लावा, कारण जुन्या गावातला मुख्य रस्ता फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे.

२. एक दिवस पुरतो का?

पुरतो, पण सकाळी लवकर पोहोचलात तरच. माझा नेहमीचा क्रम असा: आधी राजवाडा, कारण अकरानंतर तिथे बसगाड्यांची गर्दी सुरू होते. मग खाली उतरून चर्च, बाजारचौक आणि जेवण. दुपारी विद्यापीठ आणि तिथला जुना तुरुंग, संध्याकाळी पूल ओलांडून पलीकडच्या टेकडीवर. मुक्काम करता आला तर उत्तमच, कारण दिवसाचे पाहुणे गेल्यावर रात्री आठनंतर हे गाव आपल्या एकट्याचं असल्यासारखं वाटतं. जेमतेम दोन तासच हाताशी असतील तर प्रश्न १९ पाहा.

३. याला किल्ला म्हणायचं की राजवाडा?

जर्मन लोक ‘श्लॉस’ म्हणतात, म्हणजे राजवाडा. सुरुवात मात्र गढीपासून झाली. हायडेलबर्गमधल्या गढीचा पहिला लेखी उल्लेख १२२५ चा आहे. पुढे इथे पॅलॅटिनेट या राज्याचे कुरफ्युर्स्ट राहू लागले. पवित्र रोमन सम्राट निवडण्याचा अधिकार ज्या मोजक्या राजांना होता, ते हे कुरफ्युर्स्ट. गादीवर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने त्याच तटबंदीच्या आत आपापल्या नावाचा एक महाल बांधला. बाहेरून खंदक, बुरूज, जाड भिंती, आणि आत अंगणाभोवती वेगवेगळ्या काळातले वेगवेगळ्या शैलीचे महाल. बाहेरून किल्ला आणि आतून राजवाडा म्हणालात तर चुकणार नाही.

४. राजवाडा इतका पडका का आहे? जर्मनीसारख्या देशाने तो दुरुस्त का केला नाही?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पाहुणा विचारतो. काहींच्या आवाजात थोडी निराशाही असते, कारण फोटोत दिसतो त्यापेक्षा जवळून तो जास्त मोडलेला दिसतो. पण त्याचं मोडणं समजून घेतलं की तो वेगळाच दिसायला लागतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

१६८५ मध्ये इथला कुरफ्युर्स्ट कार्ल दुसरा निपुत्रिक वारला. त्याची बहीण लिझलॉटं ही फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भावाला दिलेली होती. त्या नात्याचा आधार घेऊन लुईने वारसाहक्क सांगितला आणि सैन्य पाठवलं. बिचाऱ्या लिझलॉटंला फ्रान्समध्ये बसून स्वतःच्या नावावर स्वतःचं माहेर जळताना पाहावं लागलं. २ मार्च १६८९ रोजी फ्रेंचांनी राजवाड्याला आणि गावाला आग लावली. मराठी माणसाला ते साल वेगळं सांगायला नको: त्याच मार्च महिन्यात संभाजीराजांची हत्या झाली. १६९३ मध्ये फ्रेंच परत आले. या वेळी गाव जवळजवळ पूर्ण जळालं आणि राजवाड्याचे बुरूज सुरुंग लावून उडवले गेले.

नंतर थोडीफार डागडुजी झाली. पण १७२० मध्ये कुरफ्युर्स्ट कार्ल फिलिपचं गावातल्या चर्चवरून प्रोटेस्टंटांशी भांडण झालं आणि त्याने दरबार मानहाइमला हलवला. ते भांडण प्रश्न ९ मध्ये येईल. त्याच्या मागून आलेल्या कार्ल थिओडोरच्या मनात इथे परत येण्याचं होतं, तर १७६४ मध्ये राजवाड्यावर वीज पडली आणि उरलंसुरलं जळून गेलं. त्यानंतर लोक घरं बांधायला इथले दगड नेऊ लागले.

हे थांबवलं ते शार्ल द ग्रँबेर्ग या माणसाने, आणि तो फ्रेंच होता. क्रांतीनंतर देश सोडलेल्या सरदार घराण्यातला. १८१० मध्ये तो चित्रं काढायला आला आणि जन्मभर इथेच राहिला. दगड नेणाऱ्यांना त्याने अडवलं, अवशेषांची चित्रं छापून जगभर पोहोचवली, सापडेल ती जुनी वस्तू स्वतःच्या पैशाने जमवली. गावातल्या कुरफेल्त्सिशेस म्युझियमचा पाया म्हणजे त्याचा हा संग्रह. फ्रेंचांनी जाळलेलं एका फ्रेंच माणसाने जपलं, हे मी पाहुण्यांना दरवेळी सांगते आणि दरवेळी मलाच भरून येतं.

दुरुस्तीचा वाद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रंगला. फ्रिडरिख्सबाउ हा महाल त्या सुमारास पुन्हा उभा केला गेला. बाकीचेही बांधून काढावेत असं अनेकांना वाटत होतं. कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की जे उरलंय ते जपा, नव्याने घडवू नका. शेवटी तसंच झालं. राजवाडा आज पडका आहे तो विचार करून तसा राखला म्हणून. मला हा निर्णय मनापासून पटतो.

५. चढून जावं की रेल्वेने? आई-बाबांचे गुडघे दुखतात.

रेल्वेने. कॉर्नमार्क्टजवळून ‘बर्गबान’ सुटते. डोंगरउतारावर दोराने ओढली जाणारी ही रेल्वे काही मिनिटांत राजवाड्याच्या थांब्यावर पोहोचवते. पायी जायचं तर तीनशेहून जास्त पायऱ्यांचा जिना आहे, नाहीतर वळणावळणाचा फरसबंदीचा रस्ता. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांचे खरे हाल उतरताना होतात, आणि पाऊस पडून गेल्यावर तो दगड गुळगुळीत होतो. माझ्या आत्याने ‘उतरायलाच तर आहे’ म्हणून हट्ट केला आणि पुढचे दोन दिवस तिला हॉटेलच्या खोलीत काढावे लागले. तेव्हापासून मी ज्येष्ठांना उतरतानाही रेल्वेतच बसवते.

तीच रेल्वे पुढे मोल्केनकूरपर्यंत जाते. तिथे गाडी बदलली की १९०७ सालचे लाकडी डबे मिळतात आणि ते ५६७ मीटर उंचीच्या केनिगश्टूल डोंगरावर नेतात. त्या वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं असतं. लहान मुलं सोबत असतील तर राजवाड्यापेक्षा ते लाकडी डबेच त्यांच्या जास्त लक्षात राहतील.

६. तिकिटात काय काय येतं? महालांच्या आत जाता येतं का?

राजवाड्याच्या तिकिटात अंगण, मोठ्या पिंपाचं तळघर, औषधशास्त्राचं संग्रहालय आणि बर्गबानचा खालचा टप्पा येतो. महालांच्या आतल्या खोल्या मात्र फक्त मार्गदर्शकासोबतच पाहता येतात आणि त्याचं तिकीट वेगळं. इंग्रजीतून फेरी कधी आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. वेळ किंवा पैसे मोजके असतील तर आतली फेरी सोडा, अंगण सोडू नका. राजवाड्याभोवतीच्या बागेत जायला तिकीट लागत नाही, आणि तिथून दिसणारं गावाचं दृश्य विकतच्या दृश्याइतकंच सुरेख आहे.

संग्रहालयाकडे बरेच जण ‘औषधं काय बघायची’ म्हणून पाठ फिरवतात. तसं करू नका. जुन्या औषधालयांची अख्खीच्या अख्खी लाकडी दुकानं तिथे मांडली आहेत. चिनी मातीच्या बरण्या, खलबत्ते, वाळवलेल्या मुळ्या पाहून माझ्या वैद्य मामाने तिथे दोन तास काढले होते.

७. अंगणात नेमकं काय पाहायचं? सगळ्याच भिंती सारख्या दिसतात.

आत शिरण्याआधी दाराच्या बुरुजाशी थांबा. जुन्या लाकडी दारावर एक जाड लोखंडी कडी आहे. ती जो दातांनी तोडेल त्याला राजवाडा बक्षीस, अशी दंतकथा. एका चेटकिणीने प्रयत्न केला म्हणे, पण कडीला नुसता तडा गेला. तो तडा बोटाला लागतो. मुलांना उचलून दाखवा.

अंगणात आल्यावर पूर्वेला छप्पर नसलेला, नुसती दर्शनी भिंत उरलेला महाल म्हणजे ओटहाइनरिख्सबाउ. ओटहाइनरिख १५५६ ते १५५९ अशी जेमतेम तीन वर्षं गादीवर होता, पण त्याने सुरू केलेली ही भिंत जर्मन प्रबोधनकाळातल्या सगळ्यात देखण्या भिंतींपैकी एक मानली जाते. तिच्यावर सोळा मूर्ती आहेत. खाली बायबलातले आणि पुराणातले वीर, त्यांच्यावर श्रद्धा, आशा, न्याय असे सद्‌गुण, आणि सगळ्यात वर ग्रह: शनी, मंगळ, शुक्र, बुध, चंद्र, आणि टोकाला सूर्य आणि गुरू. म्हणजे आपले आठवड्याचे सातही वार. माझ्या आईने मान वर करून एकेक ओळखला आणि ‘राहू-केतू नाहीत होय यांच्यात’ असं म्हणाली. दिवस ढगाळ असेल तर रिकाम्या खिडक्यांतून मागे जाणारे ढग दिसतात. त्या भिंतीसमोर दहा मिनिटं तरी बसा.

उत्तरेचा, छप्पर शाबूत असलेला महाल फ्रिडरिख्सबाउ, १६०१ ते १६०७ मधला. त्याच्यावर बांधणाऱ्याने आपले पूर्वज ओळीने उभे केले आहेत, थेट आठव्या-नवव्या शतकातल्या सम्राट शार्लमेनपासून. बाहेर दिसतात त्या प्रतिकृती, मूळ मूर्ती आत आहेत. त्याच्या खालून गेलं की मोठी गच्ची लागते. तिथल्या फरशीत एका पावलाचा ठसा आहे. आगीच्या वेळी कोणा सरदाराने वरून उडी मारली तेव्हा उमटला, असं सांगतात. प्रत्येक जण त्यात आपला पाय ठेवून बघतो.

विहिरीवरचे चार ग्रॅनाइटचे खांब सहज नजरेतून सुटतात. शार्लमेनच्या इंगेलहाइम इथल्या राजवाड्यातून ते आणले गेले. म्हणजे राजवाड्याच्या कुठल्याही भिंतीपेक्षा ते खांबच कितीतरी जुने.

बाहेर पडल्यावर पूर्वेच्या खंदकाकडे वळा. तिथे दारूगोळ्याचा बुरूज मधोमध फाटलेला आहे आणि अर्धा भाग तसाच्या तसा, एका तुकड्यात, खंदकात कलंडला आहे. भिंतीची जाडी साडेसहा मीटर. १६९३ मध्ये सुरुंग लावूनही तिचा चुरा झाला नाही, ती फक्त सरकली. प्रश्न ४ मधला सगळा इतिहास मला तिथेच एका नजरेत दिसतो.

जवळच बागेच्या तोंडाशी एक एकटी कमान आहे, एलिझाबेथ दरवाजा, १६१५ चा. कुरफ्युर्स्ट फ्रिडरिख पाचवा आणि इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ स्टुअर्ट यांचं लग्न १६१३ मध्ये झालं, तेव्हा दोघंही सोळा वर्षांची होती. बायकोच्या वाढदिवसासाठी त्याने ही कमान एका रात्रीत उभी करवली, असं लोक सांगतात. पुढे बोहेमियाचा मुकुट स्वीकारण्याच्या नादात त्याने राज्यही घालवलं.

८. ते जगातलं मोठं दारूचं पिंप खरंच इतकं मोठं आहे का? आणि त्यात दारू आहे का?

सध्याचं पिंप १७५१ चं आहे, कार्ल थिओडोरच्या काळातलं, आणि त्याची क्षमता २,२१,७२६ लिटर होती. त्यासाठी १३० ओक झाडं लागली असं सांगतात. शेतकऱ्यांकडून कर म्हणून येणारी वाइन त्यात एकत्र ओतली जायची. ते फार वेळा भरलं गेलं नाही, आणि आज रिकामं आहे. जिन्याने वर चढून त्याच्या माथ्यावरच्या फळ्यांवर उभं राहता येतं. समोर पेर्केओ या बुटक्या विदूषकाचा लाकडी पुतळा आहे. कार्ल फिलिपच्या दरबारातला हा टिरोलचा माणूस अफाट पिण्यासाठी प्रसिद्ध होता. पुतळ्याशेजारी एक पेटी आहे. तिची कडी पाहुण्यांनाच ओढू द्या, पुढे काय होतं ते आधी सांगू नका.

९. बाजारचौकातल्या चर्चमध्ये इतकं खास काय आहे? बाहेरून तर भिंतीला दुकानं चिकटलेली दिसतात.

ती दुकानं जुन्या परंपरेतलीच आहेत. चर्चच्या बाहेरच्या आधारखांबांच्या मधल्या जागेत व्यापारी बसायचे, तसेच आजही बसतात. आपल्याकडे देवळाला टेकून फुलवाल्यांची ओळ असते, त्यातलाच प्रकार.

हायलिग-गाइस्ट चर्चचं बांधकाम १४०० च्या आसपास सुरू झालं आणि शंभराहून अधिक वर्षं चाललं. तीन गोष्टींसाठी आत जा. पहिली, जी आज दिसत नाही: १७०६ मध्ये या चर्चच्या मधोमध भिंत घातली गेली, एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. कार्ल फिलिपला सगळं चर्च कॅथलिकांना द्यायचं होतं, त्याने भिंत पाडली, लोक उठले, त्याला ती पुन्हा बांधावी लागली, आणि तो रुसून मानहाइमला गेला. भिंत कायमची निघाली ती १९३६ मध्ये. छताकडे बघत हळूहळू चालत गेलात तर मधला भाग आणि गाभाऱ्याकडचा भाग यांचा वेगळेपणा जाणवतो.

दुसरी, वरचे सज्जे. तिथे ‘बिब्लिओथेका पॅलॅटिना’ हे त्या काळातलं युरोपातलं एक अतिशय नावाजलेलं ग्रंथालय होतं. १६२२ मध्ये कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याने गाव जिंकलं आणि ते सगळे ग्रंथ पोपला भेट म्हणून रोमला पाठवले गेले. ओझं कमी व्हावं म्हणून पुठ्ठे उतरवले आणि ग्रंथ खेचरांवर लादून आल्प्सपार नेले. १८१६ मध्ये ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली, बाकीचा बहुतेक संग्रह अजून व्हॅटिकनमध्ये आहे. परत आलेली सगळी हस्तलिखितं हायडेलबर्ग विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत खुली केली आहेत, घरी बसून पानं उलटता येतात.

तिसरी, लाल रंगाची एक आधुनिक खिडकी. १९८४ ची, योहानेस श्रायटर यांची. तिच्यावर आइन्स्टाइनचं समीकरण आहे आणि त्याखाली एक तारीख: ६ ऑगस्ट १९४५. हिरोशिमाची. बाकीच्या खिडक्या बघून पटकन बाहेर पडू नका.

१०. जुन्या पुलावरच्या माकडाचं काय प्रकरण आहे?

आधी पुलाबद्दल. इथे याआधी बरेच पूल होते, बहुतेक लाकडाच्या माथ्याचे, आणि ते पुराने, आगीने, बर्फाने जात राहिले. १७८४ मध्ये नेकार नदीत बर्फाचे कडे वाहत आले आणि त्यांनी आधीचा पूल मोडला. त्यानंतर कार्ल थिओडोरने १७८८ पर्यंत हा तांबड्या दगडाचा पूल बांधवून घेतला. गावाच्या टोकाचा दोन बुरुजांचा दरवाजा मात्र मध्ययुगातला आहे, फक्त त्याच्या टोप्या नंतर चढवल्या. पुलावरचे कार्ल थिओडोर आणि मिनर्व्हा देवीचे पुतळे प्रतिकृती आहेत.

काशाचं माकड १९७९ चं. पूर्वीच्या पुलावर एक दगडी माकड होतं, त्याची ही आठवण. हातातल्या आरशाला हात लावला तर पैसा येतो, बोटांना लावला तर हायडेलबर्गला परत येणं होतं, आणि शेजारच्या उंदरांना लावला तर भरपूर मुलं होतात. माकडाचं डोकं पोकळ आहे, त्यात आपलं डोकं घालून फोटो काढायचा असतो. रांग लागते, म्हणून सकाळी नऊच्या आत या.

११. गाइड ‘मध्ययुगीन गाव’ म्हणतो, पण घरं तर तितकी जुनी वाटत नाहीत. कोण चुकतंय?

दोघंही बरोबर आहात. गल्ल्यांचा आराखडा मध्ययुगातला, घरं मात्र बहुतेक १६९३ च्या आगीनंतरची. लोकांनी जुन्याच पायांवर अठराव्या शतकाच्या पद्धतीने पुन्हा बांधली. आगीतून वाचलेलं ठळक घर म्हणजे चर्चसमोरचं ‘हाउस झुम रिटर’. १५९२ मध्ये शार्ल बेलिए या कापड व्यापाऱ्याने ते बांधलं. धर्मासाठी देश सोडून आलेला तो निर्वासित होता. घराच्या माथ्यावर त्याने कोरून ठेवलं आहे की देवाने घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट व्यर्थ. आजूबाजूचं सगळं जळालं आणि हेच घर उभं राहिलं, म्हणून ती ओळ मी नेहमी थांबून वाचते.

१२. दुसऱ्या महायुद्धात गाव कसं वाचलं? काहीच नुकसान झालं नाही का?

मोठी बॉम्बफेक इथे झाली नाही, त्यामुळे शेजारच्या मानहाइमसारखी गत झाली नाही. पूल मात्र गेले. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच २९ मार्च १९४५ रोजी जुन्या पुलाच्या कमानी उडवल्या. तो १९४७ पर्यंत पुन्हा बांधला गेला.

पण ‘वाचलं’ हा शब्द दगडांपुरता आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये इथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं. नदीजवळच्या त्या चौकात फरशीत पांढऱ्या दगडांनी इमारतीची बाह्यरेषा दाखवली आहे. पुलापासून पाच मिनिटांवर आहे आणि तिथे पर्यटक क्वचितच दिसतो. ऑक्टोबर १९४० मध्ये इथल्या ज्यू रहिवाशांना फ्रान्समधल्या गुर्स छावणीत पाठवलं गेलं. विद्यापीठ चौकात १७ मे १९३३ ला नाझींनी पुस्तकं जाळली, तिथेही जमिनीत फलक आहे. चालताना फरसबंदीत छोटे पितळी चौकोन दिसतील, त्यांच्यावर नाव आणि तारखा असतात. त्या घरातून नेलेल्या माणसांच्या त्या खुणा आहेत. मुलांना वाचून दाखवा.

१३. विद्यार्थ्यांचा तुरुंग म्हणजे काय? खरंच तुरुंग होता?

हो, विद्यापीठाचा स्वतःचा. हे विद्यापीठ १३८६ चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. विद्यार्थ्यांवर गावच्या पोलिसांचा अधिकार नव्हता, न्याय विद्यापीठच करायचं. रात्री दंगा केला, दिवे फोडले, द्वंद्व खेळलं की काही दिवस ते काही आठवडे ‘कार्झर’मध्ये. १९१४ पर्यंत तो चालू होता. पोरं व्याख्यानांना बाहेर सोडली जायची, आणि तुरुंगात एकदा तरी जाऊन येणं हा जवळजवळ मान समजला जायचा. छतापासून जिन्यापर्यंत भिंती नावांनी, टोप्यांच्या चित्रांनी आणि काजळीने काढलेल्या डोक्यांच्या आकृत्यांनी भरल्या आहेत. प्रवेश जुन्या विद्यापीठाच्या मागून, आउगुस्टिनरगासेमधून. अरुंद जिना आहे, लिफ्ट नाही.

१४. रविवारी किंवा सोमवारी आलो तर चालेल का?

रविवारी दुकानं बंद असतात, हा जर्मनीतला नियमच. पाहण्याची ठिकाणं आणि खाण्याच्या जागा उघड्या असतात. चर्चमध्ये सकाळी प्रार्थना चालू असते, त्या वेळी हिंडू नये. सोमवारी राजवाडा चालू, पण गावातलं कुरफेल्त्सिशेस म्युझियम बंद.

१५. अंगणात मोठा मांडव आणि खुर्च्याच खुर्च्या दिसल्या. राजवाडा नीट दिसलाच नाही. असं नेहमी असतं?

नाही. उन्हाळ्यात राजवाड्यात नाट्य-संगीत महोत्सव असतो, तेव्हा अंगणात प्रेक्षकांची बैठक उभारलेली असते. मोकळं अंगण हवं असेल तर मे किंवा ऑक्टोबर निवडा. उलट, उन्हाळ्यात आलातच तर रोषणाईची रात्र जुळते का पाहा. वर्षातून तीनदा, साधारण जून, जुलै आणि सप्टेंबरात, राजवाडा तांबड्या उजेडाने पेटल्यासारखा दिसतो. १६८९ आणि १६९३ च्या आगींची ती आठवण. मग पुलावर आतषबाजी. ती बघायची जागा नदीचा पलीकडचा काठ, आणि चटई टाकून दोन तास आधी बसायचं.

१६. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर?

बर्गबानचा खालचा टप्पा अडथळ्याविना आहे, त्यामुळे राजवाड्यापर्यंत जाता येतं. लाकडी डब्यांचा वरचा टप्पा मात्र व्हीलचेअरला जमत नाही. अंगणात आणि गावात ओबडधोबड दगड आहेत, लहान चाकांची बाबागाडी हैराण करते. तान्ह्या बाळाला झोळीत बांधून घ्या. तुरुंगाबद्दल प्रश्न १३ मध्ये लिहिलंच आहे.

१७. शाकाहारी माणसाने खायचं काय?

केझेश्पेट्झले मागवा: चीज घातलेल्या छोट्या शेवया, वर तळलेला कांदा. पोट भरतं. पण त्या पिठात अंडं असतं, घरात कोणी अंडं खात नसेल तर आधीच सांगा. फ्लामकूखन ही पातळ भाकरीसारखी गोष्ट नेहमी डुकराच्या मांसाचे तुकडे घालून येते, तेव्हा ‘ओने श्पेक’ म्हणा. बेकरीतला ब्रेत्सेल सगळीकडे मिळतो. गोड म्हणून श्टुडेंटनकुस घ्या. १८६३ मध्ये क्न्योझेल नावाच्या मिठाईवाल्याने काढलेला हा चॉकलेटचा पदार्थ. मुलींवर कडक पहारा असायच्या त्या काळात विद्यार्थी तो देऊन मनातलं सांगायचे.

१८. या गावाशी मराठीचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था १९६२ पासून चालू आहे. तिथले प्राध्यापक ग्युंटर सोंथायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांवर आणि धनगरांच्या परंपरेवर आयुष्य वेचलं. महाराष्ट्रात ते वर्षानुवर्षं हिंडले, धनगरांच्या ओव्या ऐकल्या, मराठीत बोलले. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरीचा भंडारा या नेकारकाठच्या गावापर्यंत पोहोचला तो त्यांच्यामुळे. संस्था आता जुन्या गावाच्या पश्चिमेला, फॉसश्ट्रासेवर आहे. पाहण्यासारखं स्मारक वगैरे तिथे नाही, पण माझे बाबा जेजुरीचे. त्यांना मी मुद्दाम त्या दारापर्यंत नेऊन आणलं. ते पाचेक मिनिटं नुसते उभे राहिले, मग हात जोडले.

१९. गाडी बदलायला मध्ये फक्त दोन तास आहेत. एकच गोष्ट पाहायची तर कोणती?

राजवाड्यावर जाऊ नका, धावपळ होईल. बसने जुन्या गावात या, बाजारचौकातून सरळ पुलावर जा आणि पलीकडच्या टोकापर्यंत चाला. तिथून श्लांगेनवेग नावाची दगडी पायवाट वर, टेकडीवरच्या फिलॉसॉफेनवेग या रस्त्याला जाते. ती खूप चढाची आहे, पावसात किंवा थंडीत घसरते, त्यामुळे अर्ध्या वाटेवरच्या पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत गेलात तरी पुरे. मागे वळा. खाली नदी, पूल, चर्चचा मनोरा, आणि समोरच्या डोंगरात तो तांबडा राजवाडा. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून त्याच्यावर येतं आणि दगडाचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो. परतीच्या बससाठी निदान चाळीस मिनिटं हातात ठेवा.